टेकडीचे हत्ती

ओरेस्तेसने क्लिप गुंडाळीवर दोन वेढे मागे सरकवली आणि तार पुन्हा थर्माकोलला टेकवली. या वेळी ती लाल झाली नाही, धूरही काढला नाही, न भांडता आत गेली. तळणीतलं तेल निवत आल्यावर येतो तसा बारीक आवाज आला आणि तुकड्याचे दोन तुकडे होऊन एक त्याच्या चपलेवर पडला. कापलेली बाजू त्याने गालाला लावून पाहिली. गुळगुळीत होती.

"झालं का?" खिडकीतून एवेलियो मास्तरांचा आवाज आला. आवाज कसला, आवाजाचं जे काही उरलं होतं ते.

"झालं, मास्तर. सोडा बटण."

आत थोडा वेळ काहीच झालं नाही. मग 'टक्' असं वाजलं आणि पलंगाच्या पायथ्याशी असलेलं ऑक्सिजनचं मशीन खोकून चालू झालं.

"लगेच सोडायचं असं ठरलंय," ओरेस्तेस म्हणाला.

"बघत होतो," मास्तर म्हणाले, आणि नळीतून पुरेशी हवा येईपर्यंत उरलेलं वाक्य राखून ठेवलं, "किती जमतं ते."

सान बेनिग्नो गावात नाताळच्या आदल्या दिवशी दोन रथ निघतात, एक टेकडीचा आणि एक नदीचा, आणि पुढचं वर्षभर हरलेल्या वस्तीतला माणूस जिंकलेल्या वस्तीतल्या न्हाव्याकडे जात नाही. टेकडीचे रथ मास्तर काढायचे. त्यांनी बॅबिलोन केलं, चीन केलं, एकदा समुद्राचा तळ केला. त्यातला ऑक्टोपस एका अधिकाऱ्यासारखा दिसतो म्हणून चौकशी झाली आणि ऑक्टोपसला मिशी लावून ती मिटवावी लागली. यंदा हिंदुस्थानच्या महाराजाची मिरवणूक होती. हिंदुस्थान कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे चुका निघायची भीती नव्हती. हत्ती सहा. ते चहाच्या एका जुन्या डब्यावरून घेतले होते. डब्यावरचा हत्ती समोरून काढलेला होता, म्हणून त्याची मागची बाजू निवाल्दोला विचारून ठरवली. निवाल्दो खाटिकखान्यातून निवृत्त झालेला माणूस. त्याने गाईच्या अनुभवावरून सांगितली.

थर्माकोलही त्याच खाटिकखान्यातून आला, शीतगृहाच्या भिंतींतून. मांस यायचं थांबून बरीच वर्षं झाली होती आणि त्या भिंती इतके दिवस नुसती हवा थंड ठेवायला उभ्या होत्या.

तार तापवायला ओरेस्तेसने आधी एक चांगला सप्लाय बनवला होता. एका मेलेल्या रशियन टीव्हीचा ट्रान्सफॉर्मर सोलला, त्याच्यावर जाड तारेचे नवे वेढे दिले, मध्येमध्ये टोकं बाहेर काढली, म्हणजे जाड कापायला जास्त ताप मिळावा आणि बारीक नक्षीला कमी. तार म्हणून आधी गिटारची घेतली. ती तापली की लोंबायची आणि चिडली की तुटायची. मग विजेच्या शेगडीची गुंडाळी सरळ करून ती लाकडी धनुष्याला स्प्रिंग लावून ताणली. सगळं मनासारखं झालं. दोष एकच राहिला, त्या सप्लायला वीज लागायची.

टेकडीवर वीज घाईतल्या पाहुण्यासारखी येत होती, न कळवता, आणि बसा म्हणायच्या आत उठायची. नदीपलीकडे ती जातच नव्हती, कारण नदीवाल्यांची लाइन इस्पितळाची होती. वारा तिकडून आला की वितळलेल्या थर्माकोलचा वास यायचा, म्हणजे ते कापत होते. टेकडीवाले अंधारात बसून तो वास घ्यायचे.

वीज नसतानाही चालणारी वीज टेकडीवर एकाच ठिकाणी होती, मास्तरांच्या पलंगाखाली. गेल्या वर्षी त्यांच्या फुप्फुसांनी काम जवळजवळ सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी हे मशीन दिलं आणि सांगितलं की नळी नाकातून काढायची नाही. मुलाने अमेरिकेतल्या टांपाहून इन्व्हर्टर पाठवला. मुलगी यारेलिस, बेकरीच्या काउंटरवर काम करणारी, कुठूनशी ट्रकची एक बॅटरी घेऊन आली आणि तिला तान्ह्या पोरासारखं सांभाळायला लागली. पुसायची, पाणी बघायची, वीज आली की पहिली तिला भरायला लावायची. वीज गेली की मशीन त्या बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी संपायच्या आत वीज परत यायची. बहुतेक वेळा.

"पलंगाखाली आहे की," असं पहिल्यांदा मास्तरच म्हणाले. ओरेस्तेस नाही म्हणाला. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मास्तरांनी सप्लायची आकृतीच काढून त्याच्यापुढे ठेवली. आकृतीत चूक होती. ती चूक दुरुस्त करून होईपर्यंत ओरेस्तेसने होकार देऊन टाकलेला होता.

बॅटरी म्हातारी होती. मशीन आणि तार दोन्ही एकदम लावली की इन्व्हर्टर शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटायचा आणि बंद पडायचा. म्हणजे एका वेळी एकच. ओरेस्तेसने लाडा गाडीच्या भोंग्याचा रिले, म्हणजे वीज इकडची तिकडे वळवणारी डबी, आणली आणि दारावरच्या घंटीचं बटण मास्तरांच्या उशाशी बसवलं. बटण दाबलं की मशीन बंद आणि वीज तारेला. सोडलं की वीज आपोआप मशीनला. झोप लागली, चक्कर आली, काहीही झालं तरी अंगठा सुटणार आणि हवा येणार. या रचनेचा ओरेस्तेसला अभिमान होता. शेगडीची उरलेली गुंडाळी त्याने एका विटेवर बसवली. तिच्यावर क्लिप पुढेमागे केली की तारेचा ताप कमीजास्त व्हायचा. दोन वायरी खिडकीतून परसात नेल्या आणि वास आत जाऊ नये म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या. वीज तुटली किंवा परत आली की मशीनला ओरडायची सवय होती. त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली.

"यारेलिसला सांगितलंय ना?" त्याने विचारलं होतं.

"सांगितलंय," मास्तर म्हणाले होते.

ती बेकरीतून यायच्या आत वायरी गुंडाळून पत्र्याखाली लपवायच्या, असाही मास्तरांचा नियम होता. त्यावरून जे समजायचं ते ओरेस्तेस समजला आणि पुन्हा त्याने विचारलं नाही. हत्ती सहा होते.

काम सुरू झालं. धनुष्य लांब होतं, दोन्ही टोकांना माणूस लागायचा. एका टोकाला ओरेस्तेस, दुसऱ्याला निवाल्दो. तार तापली की दोघं चालायला लागायचे, आणि ती निवायला लागली की होते तिथे थांबायचे. आत मास्तर हवा घ्यायचे, मशीनला पुन्हा दमात यायला वेळ लागायचा, तोवर हे दोघं अर्ध्या कापलेल्या हत्तीला धरून उभे. थांबलेल्या ठिकाणी थर्माकोलवर वळ उठायचा. पहिल्या हत्तीवर इतके वळ उठले की ओरेस्तेसने तो फेकून द्यायचं म्हटलं. हत्तीला सुरकुत्या असतातच, असं निवाल्दोने सांगितलं, आणि हत्ती राहिला.

निवाल्दो कापताना एक बोलेरो गुणगुणायचा, बायको सोडून गेलेल्या माणसाचं लांबलचक गाणं. सुरुवातीला एका दाबात ते पुरं व्हायचं, बायको जायची, माणूस रडायचा, दारू प्यायचा, आणि मग तार निवायची.

तिसऱ्या हत्तीच्या पाठीच्या वेळी माणूस रडून, पिऊन झोपला तरी तार निवली नाही. निवाल्दोने गाणं पुन्हा सुरू केलं. पाठीची कमान एका दमात उतरत होती, आतापर्यंतचा सगळ्यात सुंदर काप. ओरेस्तेस खूश होऊन चार पावलं चालला. पाचव्या पावलाला त्याने धनुष्य निवाल्दोच्या अंगावर सोडून दिलं आणि तो आत पळाला.

मास्तर उशीला टेकून बसले होते. ओठांचा रंग माणसाच्या ओठांचा राहिला नव्हता. बटणावर अंगठा नव्हता, सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी होती, दोन पदरी, घट्ट. हात असे मोकळे झाल्यामुळे ते एका बोटाने चादरीवर हत्तीची पाठ काढत होते, तार आता कुठवर पोचली असेल त्या अंदाजाने, सावकाश.

ओरेस्तेसने पट्टीला हात घातला तोवर दुसरा एक हात तिथे आलेला होता. बेकरीत त्या दिवशी पीठ होतं पण वीज नव्हती, म्हणून यारेलिसला लवकर घरी पाठवलं होतं. तिने पट्टी ओढून तोडली. टक्. मशीन खोकलं. तिने नळी नाकात नीट बसवली, खिशातल्या रुमालाने बापाचं तोंड पुसलं आणि मशीनच्या तोंडावरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली. मशीन लगेच ओरडायला लागलं. सगळेजण त्याचं ओरडणं संपेपर्यंत थांबले.

"हे तू केलंस?" तिने ओरेस्तेसला विचारलं.

"बटण मी केलं. रबर नाही."

"बटण छान आहे," यारेलिस म्हणाली. नावडती भाजी ज्या सुरात चांगली झालीय म्हणतात, त्या सुरात.

मग ती पलंगावर बसली. एनेदा आत्याकडे जायचं, ती बापाला म्हणाली, आजच्या आज. आत्याचं लग्न नदीपलीकडे झालेलं होतं; तिच्या घरात रात्रंदिवस वीज असायची, पंखे उगाच फिरायचे. हे बोलणं त्या घरात पहिल्यांदा होत नव्हतं.

"डिसेंबरात?" मास्तर म्हणाले.

"डिसेंबरातच. जानेवारीपर्यंत तुम्ही राहणार आहात का?"

"जानेवारीत गेलो असतो."

"बाबा, पुलाच्या पलीकडे हवा आहे. फुकट आहे. माणूस इतका अडाणी असू शकतो का?"

मास्तरांनी यावर खरंच थोडा विचार केल्यासारखं केलं.

"तिथून त्यांचा रथ दिसतो," ते म्हणाले. "खिडकीतूनच."

तिने वायरी काढल्या, गुंडाळल्या आणि दुसऱ्या दिवशी बेकरीला जाताना पिशवीत घालून नेल्या. टेकडीवर बातमी फिरली. लोक परसाच्या कुंपणाशी येऊन अडीच हत्तींकडे पाहायचे आणि परत जायचे, मयताच्या घरून परतावं तसे. एनेदा आत्या स्वतः पूल ओलांडून आली. नदीवाल्यांच्या प्रमुखाचा निरोप तिने आणला होता. मास्तर आले तर त्यांच्या खोलीचा पडदा ओढलेला ठेवू, त्यांना आमचा रथ दिसणार नाही, आणि त्यांचे हत्ती आमच्या विजेवर कापून देऊ. निरोप ऐकून मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शत्रू इतका सभ्य निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आता तर जाणं शक्यच नाही, असं त्यांनी बहिणीला सांगितलं.

मग त्यांनी नळी नाकातून काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. यारेलिसने ती परत लावली. तिची पाठ फिरली की नळी खिळ्याला. जेवणाचं ताट त्यांनी नाकारलं नाही, रागावले नाहीत, एक वाईट शब्द बोलले नाहीत. आंदोलनासाठी त्यांच्या अंगात एवढीच ताकद होती आणि ती ते जपून वापरत होते. ती कामाला गेली की शेजारीण येऊन बसायची. शेजारीणही टेकडीचीच, तिला नळीकडे पाहू की हत्तींकडे, कळेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यारेलिस बेकरीत गेली नाही. तिने ओरेस्तेसला बोलावलं आणि पिशवीतून वायरी काढून त्याच्या पुढ्यात टाकल्या.

"बटणाची वायर लांब कर," ती म्हणाली. "खुर्चीपर्यंत. आणि मशीनच्या तोंडावर चिकटपट्टी परत लाव."

"खुर्चीवर कोण?"

"मी. ते माझ्या हातात राहील. मी दाबीन आणि मीच सोडीन. बाहेरून कुणी हाक मारायची नाही, घाई करायची नाही. आणि मला कुणी, मास्तरांची मुलगी किती धीराची, वगैरे ऐकवलं, तर त्या हत्तीवर रॉकेल ओतीन."

मास्तर डोळे मिटून पडले होते. नळी नाकात होती. ओरेस्तेसने वायर जोडून दिली तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं की चौथ्याची सोंड डावीकडे वळवा, सगळ्यांच्या उजवीकडे झाल्या तर परेड वाटेल.

त्यानंतर परसातून आतलं काही दिसत नसे. चिंध्या तशाच कोंबलेल्या होत्या. पण तार हातात असल्यामुळे सगळं कळायचं. तार तापली म्हणजे मुलीने बापाकडे पाहून दाबलं. निवली म्हणजे पाहून सोडलं. मधला वेळ म्हणजे मास्तरांजवळ किती उरलंय ते. कुणी विचारत नव्हतं तरी रोज सकाळी पहिल्या दाबाला सगळ्या परसाला उत्तर मिळायचं. चौथ्या हत्तीला बोलेरोमधला माणूस दारूपर्यंत पोचायचा. पाचव्याला बायको जेमतेम दार उघडायची. सहावा सुरू झाला तेव्हा निवाल्दोचा पहिला श्वास घेऊन होतो न होतो तोच तार मऊ पडायची. बोटभर कापायचं आणि मशीनचं गुरगुरणं ऐकत उभं राहायचं. निवाल्दोने गाणं सोडून दिलं. गाणं त्याला आवडेनासं झालं, असं तो म्हणाला.

एकदा ओरेस्तेस पाणी प्यायच्या निमित्ताने आत डोकावला. यारेलिस खुर्ची पलंगाला खेटून बसली होती, बटण मुठीत, डोळे बापाच्या ओठांवर. भात करपू नये म्हणून बाई पातेल्याकडे पाहते तितक्या लक्षाने. मास्तर तिला काहीतरी सांगत होते, शब्दाशब्दाला थांबून. रंगाबद्दल होतं. झुली हिरव्या नकोत, नदीवाल्यांचा हिरवा असतो. तिने मान हलवली. मग त्यांनी डोळ्यांनी तिच्या मुठीकडे खूण केली, आणि तिने ओठ घट्ट मिटून दाबलं. ओरेस्तेस पाणी न पिता बाहेर आला.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाव्याची पाठ तेवढी राहिली होती. वीज पहाटेपासून नव्हती. दोघं धनुष्य धरून उभे राहिले. बराच वेळ तार थंडच होती. आत यारेलिस काहीतरी बोलत होती, एकटीच, हळू आवाजात. मग बोलणं थांबलं.

मग तार तापली.

बोटभर कापून दोघं सवयीने थांबले. थांबल्या जागी थर्माकोल वितळायला लागला, वास आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तार निवलेली नाही. त्यांनी धनुष्य घाईने बाहेर काढून हवेत धरलं. तार तापलेलीच राहिली. मशीनचं गुरगुरणं येत नव्हतं. कुंपणावर एक कोंबडी बसली होती; तिच्याकडे पाहण्यासारखं काही नव्हतं तरी दोघं तिच्याकडे पाहत राहिले.

"रबर लावलं असेल," निवाल्दो अगदी हळू म्हणाला.

"आज ती आहे ना आत."

निवाल्दोने एका हाताने टोपी काढली आणि मग धनुष्य सोडता येत नव्हतं म्हणून ती दातांत धरली. ओरेस्तेसला खिडकीपर्यंत जायला चार पावलं पुरली असती. पण त्यासाठी धनुष्य खाली ठेवावं लागलं असतं.

चिंध्यांच्या पलीकडून यारेलिसचा आवाज आला. नेहमीचा, काउंटरवरचा आवाज.

"कापताय ना?"

"हो," ओरेस्तेस म्हणाला.

"मग कापा. बॅटरी अर्धी आहे."

त्यांनी तार पाठीला लावली आणि चालायला लागले. मानेपासून वर, मग खांद्याच्या उंचवट्यावरून, मग सपाट. तार कुठेही अडली नाही. निवाल्दोच्या दातांतून टोपी पडली. ती उचलायला कुणी थांबलं नाही.

अर्ध्यावर आल्यावर टेकडीची वीज आली. आधी कुणाचा तरी पाण्याचा पंप सुरू झाला, मग रेडिओ, मग खालच्या गल्लीपासून वरच्या गल्लीपर्यंत दरवेळी उठते तशी आरोळी उठली. बायका दारात आल्या, पोरांनी पत्रे बडवले, कुणी कुणाला तांदूळ शिजत टाकायला ओरडून सांगितलं. मास्तरांच्या खिडकीतला दिवा पेटला. आत मशीन चालू झाल्याचा आवाज आला नाही. तार तशीच तापलेली होती.

निवाल्दोने परसाच्या कोपऱ्यातल्या रशियन ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या प्लगकडे, आणि भुवया उंचावून विचारलं. आता तो लावता आला असता. त्यावर तार पाहिजे तितका वेळ तापली असती.

ओरेस्तेसने नको म्हणून मान हलवली. हत्तीची पाठ इथून उतरायला लागत होती, म्हणून त्याने आपल्या बाजूचं टोक थोडं खाली घेतलं. निवाल्दोनेही घेतलं.